भिंतीवरची बी चालू लागली की...

जून सरत आला, मेहरूणच्या तलावाकडून येणारा वारा जरा माणसात आला, की माझ्या फोनवर फोटो सुरू होतात. धूसर, वाकडे, निम्म्या चौकटीत पाठवणाऱ्याचा अंगठा. खाली एकच ओळ : 'हाई काय शे वो?' पाठवणारे सगळे आपलेच. धुळ्याचा, देवपुरातला मामेभाऊ, रावेरची नणंद, अमळनेरची आत्या, शिवाय आमच्या जळगावच्या सोसायटीतले निम्मे लोक. मी कीटकशास्त्र शिकलेली नाही. पंधरा-वीस वर्षं वह्यांत चित्रं काढली, तारखा टाकल्या, एवढंच. पण 'हिला किड्यांतलं कळतं' असं एकदा गावात झालं की सुटका नसते.

मीही उलट दोनच प्रश्न पाठवते. सापडलं कुठे? आणि खात काय होतं? रंग नंतर. रंग फार फसवतो. एकाच मादीच्या अंड्यांतून आलेल्या अळ्यांत एक हिरवी निघते, एक तपकिरी. पत्ता सहसा फसवत नाही. जगात पतंगांच्या सुमारे 1 लाख 60 हजार जाती आहेत, भारतात 10 हजारांच्या वर. त्या पाठ करायला बसलं तर जन्म पुरायचा नाही. घरात, दारात आणि कुंपणावर नेहमी भेटणारे मात्र वीस-पंचवीसच, आणि त्यातले बरेचसे जागेवरूनच ओळखू येतात. चला तर, आतल्या खोलीपासून सुरुवात करू.

चालणारी बी

सगळ्यात जास्त फोटो हिचेच येतात. भिंतीवर चिकटलेली राखाडी, चपटी, भोपळ्याच्या बीसारखी वस्तू. लांबी सेंटिमीटरभर. कुणाला वाटतं प्लास्टरचा पोपडा, कुणाला वाटतं पालीची घाण. झाडू लावायला जावं तर ती दोन बोटं पुढे सरकलेली असते.

ती एका पतंगाची अळी आहे. स्वतःच्या तोंडातून रेशीम काढते, त्याला भिंतीची रेती, धूळ, कपड्यांचे तंतू, असेल ते चिकटवते आणि ही पिशवी शिवते. गंमत अशी की पिशवीला दोन्ही टोकांना दारं. एकीकडून डोकं काढून चालते. पुढे अडचण दिसली की आतल्या आत कोलांटी मारून दुसऱ्या टोकाने निघते. म्हणजे हिला गाडी वळवायला जागाच लागत नाही. आमच्या गल्लीतल्या रिक्षांना ही सोय असती तर बरं झालं असतं.

एकदा मी भिंग घेऊन अर्धा तास तिच्यासमोर बसले. आधी तपकिरी चकचकीत डोकं आलं, मग पुढचे सहा पाय. त्या पायांनी भिंत धरायची आणि मागचं बिऱ्हाड ओढून घ्यायचं, पुन्हा धरायची, पुन्हा ओढायचं. वितभर अंतराला तिने तेवढा वेळ घेतला. मध्ये कोळ्याचं जुनं जाळं आलं. तिथे थांबली आणि शेवया खाव्यात तशी जाळं खात बसली. तेच हिचं आवडतं खाणं. त्याखेरीज गळलेले केस, लोकरीचे धागे, मेलेले किडे. चावत नाही, डसत नाही, धान्याला शिवत नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की संख्या वाढते. ही दिसली याचा अर्थ कोपऱ्यातली जाळी काढायची राहिली आहेत. हे मी एकदा सासूबाईंसमोर बोलून गेले, आणि तो रविवार माझा जाळी काढण्यात गेला.

कपाट आणि कोठी

आपण सरसकट 'कसर लागली' म्हणतो. त्या एका शब्दात किमान दोन आरोपी असतात. वह्या-पुस्तकांत सुळकन पळणारी चांदीच्या रंगाची कसर पतंग नव्हेच, तिला पंखच नसतात. शालीला, स्वेटरला भोकं पाडते ती कपड्यांच्या पतंगाची अळी. पतंग स्वतः काही खात नाही, त्याला धड तोंडही नसतं. खाते ती अळी, आणि तीही लोकर, केस, पिसं असले प्राणिज पदार्थ; रेशमावरही वेळ भागवते. धुतलेल्या सुती साडीकडे ढुंकून बघत नाही. आणि या पतंगाला उजेडाचं वावडं. म्हणजे ट्यूबलाइटभोवती गरगरणाऱ्याला 'माझी पैठणी खाल्लीस' म्हणून चप्पल मारू नका, तो बिचारा निर्दोष आहे.

कोठीतले पतंग वेगळे. दादर ज्वारीच्या दाण्याला टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक दिसलं तर आत एक अळी वाढून, पतंग होऊन, निघूनही गेली. तिचं अख्खं बालपण त्या एका दाण्यात. कळण्याच्या पिठाला जाळी धरली, पिठाच्या गुठळ्या दोऱ्याला लटकल्यासारख्या झाल्या, की तो तांदळावरच्या पतंगाचा प्रताप. नाव तांदळाचं असलं तरी ज्वारी, रवा, शेंगदाणे, काहीही चालतं.

धान्यावरच्या एका पतंगाला जगभर 'इंडियन मील मॉथ' म्हणतात. वाचून आपल्याला उगाच अपराधी वाटतं. पण यातला 'इंडियन' आपण नव्हे. अमेरिकेत मक्याच्या पिठाला 'इंडियन मील' म्हणत, तिथल्या मूळ रहिवाशांचं धान्य म्हणून. त्या पिठात हा सापडला आणि नाव चिकटलं.

आता पिठाला जाळी धरणाऱ्या त्या पतंगाचं दुसरं रूप ऐका. कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत याला मुद्दाम पाळतात. भरडलेल्या धान्यावर वाढवतात, त्याची अंडी गोळा करतात, ती कागदाच्या पट्टीवर चिकटवतात आणि त्यांवर ट्रायकोग्रामा नावाची मिलिमीटरभरही नसलेली गांधीलमाशी सोडतात. ती त्या अंड्यांत आपली अंडी घालते. झालं ट्रायकोकार्ड! एका कार्डावर वीसेक हजार अंडी. कापसाच्या, मक्याच्या, उसाच्या पानाला कार्डाचे तुकडे टाचले की त्यातून निघालेल्या माशा शेतातल्या पतंगांची अंडी शोधून नासवतात. घरात जो पिठाचा चोर, तोच शेतात राखणदारांची दाई. असा दुटप्पी माणूस आपल्या नात्यात एखादा तरी असतोच.

न्हाणीतला तोतया

न्हाणीघराच्या टाइल्सवर बसलेला काळपट, केसाळ, बदामाच्या आकाराचा चिमुकला 'पतंग' ही चक्क माशी आहे. पंखांची एकच जोडी. पतंगाला दोन असतात. तिची अळी मोरीच्या नळीतल्या बुळबुळीत थरात वाढते. औषध मारू नका, नळी घासा.

त्याच खिडकीत कधी इंग्रजी टी या अक्षरासारखा ताठ हात पसरून बसलेला काडीएवढा जीव दिसतो. तो खरा पतंग, पिसांच्या पंखांचा. त्याला असू द्या.

पोर्चमधला दिवा

पतंग दिव्यावर झेप घेतो, प्रेमापायी जळून जातो, असं शायर सांगत आले. शास्त्रज्ञ सांगत होते की तो चंद्राच्या अंदाजाने उडतो आणि बल्बला चंद्र समजून फसतो. 2024 च्या जानेवारीत एका अभ्यासाने दोघांनाही गप्प केलं. संशोधकांनी सेकंदाला शेकडो चित्रं टिपणारे कॅमेरे लावून दिव्याभोवतीचे किडे पाहिले. ते दिव्याकडे झेपावत नव्हतेच, ते दिव्याला पाठ दाखवत होते. कोट्यवधी वर्षं रात्रीच्या अंधारातही उजेडाची बाजू म्हणजे आकाश, हे पक्कं. पाठ उजेडाकडे ठेवली की आपण सरळ उडतोय याची खात्री. आता दिवा बाजूला असला तर पाठ तिकडे कलते, पतंग वळतो, पुन्हा कलतो, आणि गोल-गोल फिरत बसतो. दिवा खाली जमिनीवर असला तर बिचारा उलटा होऊन धाडकन पडतो. म्हणजे प्रेमबीम काही नाही, त्याला वर आणि खाली कळेनासं झालेलं असतं.

आमच्या पोर्चमध्ये पावसाळ्यात येणाऱ्यांत मला सगळ्यात आवडतो तो एरंडावरचा केसाळ पतंग. बसलेला असतो तेव्हा भुरकट, काळ्या ठिपक्यांचा, अगदी कारकुनासारखा. बोट लावलं की पुढचे पंख उघडतो आणि खालून लालभडक, काळ्या डागांचे मागचे पंख दाखवतो. पाहुणा नेहमीच्या सदऱ्याखाली जरीचा शालू नेसून आल्यासारखं वाटतं. याची अळी काळी, लांब केसांची. एरंड खाते, केळीची पानंही खाते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात घराच्या ओट्यावर तुरुतुरु चालणारी झुपकेदार अळी दिसली तर पहिला संशय हिच्यावर घ्यावा.

दिवाळीच्या सुमाराला ट्यूबलाइटखाली हिरव्या बारीक किड्यांचा सडा पडतो आणि लोक 'पतंग फार झाले' म्हणतात. ते बहुतेक तुडतुडे. पतंग नव्हेत.

कुंपणावरची वस्ती

तगर. प्रत्येक कॉलनीत, प्रत्येक शाळेच्या फाटकाशी. तगरीची वरची पानं देठापासून गायब आणि खाली फरशीवर मिऱ्यांएवढ्या, खाचा पडलेल्या लेंड्या दिसल्या की मान वर करा. बोटभर लांब, पोपटी, शेपटाला शिंग असलेली अळी तिथेच असणार, आणि तरी पाच मिनिटं सापडणार नाही. डिवचली की डोकं आत ओढते. मग पुढच्या भागावर निळे-पांढरे दोन डोळे वटारलेले दिसतात. डोळे खोटे आहेत. शिंगही मऊ. पण चिमणीला ते कोण सांगणार?

ही कण्हेरीवरच्या पतंगाची, म्हणजे मी ज्याला 'फौजी' म्हणते, त्याची अळी. कारण मोठा झालेला पतंग थेट लष्करी गणवेश घालूनच येतो : हिरव्या, गुलाबी, पांढऱ्या छटांची नक्षी, पंखांचा पसारा नऊ-दहा सेंटिमीटर. कण्हेर माणसाला, गुराला विषारी. ही अळी ती चवीने खाते. तगर आणि सदाफुलीही चालते. धुळ्याहून जळगावकडे येताना महामार्गाच्या दुभाजकातली कण्हेर फुललेली असते तेव्हा मला फुलांआधी हिचीच आठवण होते. कोशात जायची वेळ आली की हिरवी अळी तपकिरी होते आणि झाड सोडून जमिनीवर भटकते. नेमकी तेव्हाच ती तुमच्या जिन्यात येते आणि 'सापाचं पिल्लू' म्हणून बोंब होते. मामेभावाने तर मला रात्री अकराला फोन करून सर्पमित्राचा नंबर मागितला होता. फोटो आला तेव्हा शेपटाचं शिंग स्पष्ट दिसत होतं.

कोविडच्या काळात दारोदार गुळवेल लागली. तिच्यासोबत एक भाडेकरूही आला. गुळवेलीवरची काळसर मखमली अळी, अंगाच्या बाजूंना दोन-दोन मोठे डोळ्यांसारखे ठिपके, मान खाली घालून योगासनात बसलेली. अळी असेपर्यंत वेलीचीच पानं खाते, दुसऱ्या कुणाच्या वाटेला जात नाही. गडबड होते ती मोठेपणी. हिचा पतंग, पुढचे पंख वाळल्या पानासारखे आणि मागचे नारिंगी, रात्री मोसंबी-लिंबाच्या बागेत जातो आणि आपली सोंड फळात खुपसून रस पितो. एरवी सगळ्या पिकांचं नुकसान अळी करते आणि पतंग सज्जन असतो. इथे उलट आहे. बागवाले संध्याकाळी धूर करतात तो यांच्यासाठीच. मोसंबीच्या बागेजवळ राहणाऱ्याने गुळवेलीचा काढा घेताना हे मनात असू द्यावं.

शेवग्याचं काय सांगावं! दिवसा खोडावर घोंगडी पांघरल्यासारखे गच्च बसलेले सुरवंट, रात्री वर चढून पानं फस्त. 'शेवगा दारी नको' असं आजी म्हणायची. भुताखेताचं कारण द्यायची ती. खरं कारण मला खोडावर दिसलं. केस अंगाला लागले की दिवसभर खाज, आणि ते केस वाऱ्यानेही येतात.

कढीपत्त्याच्या कुंडीतली 'पक्ष्याची विष्ठा' हललीच, तर ती फुलपाखराची अळी. मोठी होऊन हिरवी झाली की डिवचून बघा : डोक्यामागून नारिंगी, दोन शिंगांचा मांसल चिमटा बाहेर येतो आणि कुजक्या लिंबासारखा वास सुटतो. हे लेखाच्या विषयाबाहेरचं आहे, पण राहवलं नाही.

बाभळीवर, कधी घराच्या भिंतीवरही, एक मोळी लटकते. सारख्या मापाच्या काटक्या उभ्या बांधलेल्या, बोटाएवढी. आत अळी. पुढे नर पंख फुटून उडतो. मादीला पंख नाहीत, ती जन्मभर मोळीतच राहते, तिथेच अंडी घालते आणि तिथेच मरते. जेम्स इमर्सन टेनंट या ब्रिटिश अधिकाऱ्याने 19 व्या शतकात श्रीलंकेतली समजूत नोंदवून ठेवली आहे : मागच्या जन्मी ज्याने सरपण चोरलं, तो या जन्मी मोळी अंगावर घेऊन फिरतो. आमच्याकडे रानातून काटक्या आणणाऱ्या बायाबापड्यांना हे सांगितलं तर माझीच मोळी बांधतील.

भरिताआधी

खान्देशात राहून वांग्याला वगळता येत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. बामणोदचं, आसोद्याचं वांगं म्हटलं की पुण्या-मुंबईची माणसं पिशव्या घेऊन येतात. काट्यांवर भाजायच्या आधी वांगं फिरवून बघायची रीत आहे. बारीक भोक दिसलं तर लोक म्हणतात, 'आळी आत गई.' खरं तर तसं भोक बहुधा बाहेर पडण्याचं. आत शिरते तेव्हा अळी केसाएवढी असते आणि तिची वाट देठाजवळ बुजून जाते. ठळक भोक म्हणजे पाहुणी जेवून गेली. बिनभोकाच्या वांग्याची खात्री कुणी देऊ नये. याच अळीसाठी बीटी वांगं तयार झालं, देशभर जनसुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली.

पण वांग्याचा खरा नट वेगळाच. वांग्याच्या, तिळाच्या पानांवर कधी दहा-बारा सेंटिमीटर लांबीची, जाडजूड, तिरप्या पट्ट्यांची अळी दिसते. शेपटाला वाकडं, खरखरीत शिंग. हिचा पतंग म्हणजे कवटीवाला. पाठीवर माणसाची कवटी, अगदी डोळ्यांच्या खोबणींसकट. शास्त्रीय नावंही तशीच भीतीदायक : ॲकेरॉन आणि स्टिक्स या ग्रीक पुराणातल्या पाताळनद्यांवरून. 1991 च्या 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'च्या पोस्टरवर नायिकेच्या ओठांवर बसलेला पतंग याच्याच घराण्यातला.

हातात धरला तर हा ओरडतो. खरंच. घशात हवा ओढून सोंडेवाटे बाहेर फेकतो आणि उंदरासारखं चिरकतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पतंग आणि मी, दोघांनीही एकदमच किंचाळून एकमेकांना सोडलं. त्याहून धाडसी त्याचा धंदा : रात्री मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो. अंगाचा वासच मधमाश्यांसारखा बनवतो, त्यामुळे माश्यांना तो घरचाच वाटतो. हा घरात आला की कुणीतरी जाणार, असं म्हणणारे आहेत. माझ्याकडे सात वेळा आला. सगळे ठणठणीत आहेत.

पोळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून. पाण्याच्या टाकीखाली लटकलेलं मोहोळ उठून गेलं की उरलेल्या मेणात मेणपतंगाच्या अळ्या होतात. या पतंगाला 300 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, असं 2013 मध्ये स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञांनी मोजलं. आपली मजल 20 ची. आणि फेडेरिका बर्टोकिनी या संशोधिकेने एकदा पोळ्यातल्या अळ्या काढून प्लास्टिकच्या पिशवीत टाकल्या, थोड्या वेळाने पाहते तर पिशवीला भोकं आणि अळ्या पसार. त्यावरून अळी प्लास्टिक पचवते का, याचं मोठं संशोधन सुरू झालं.

कापसाची खोली

भाव वाढेल या आशेवर कापूस घरात भरून ठेवायचा आणि स्वतः ओट्यावर झोपायचं, हे आमच्याकडे नवं नाही. अशा खोलीच्या भिंतीवर सेंटिमीटरभर लांबीची, तपकिरी डोक्याची गुलाबी अळी चढताना दिसली तर ओळख सांगायची गरज नाही, खान्देशातलं शेंबडं पोरही सांगेल : बोंडअळी. लहानपणी ती पांढुरकी असते, सरकी खाता खाता गुलाबी होते. फुलाच्या पाकळ्या आतून शिवून टाकते, फूल उमलत नाही, त्याला आपण डोमकळी म्हणतो.

जगात हिची पहिली शास्त्रीय नोंद आपल्या शेजारची. भरूचच्या कापसात 1842 मध्ये नुकसान झालं, नमुने इंग्लंडला गेले आणि 1843 मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी तिचं वर्णन छापलं. बीटी कापूस 2002 मध्ये आला, 2006 मध्ये दोन जनुकांचा आला. बोंडअळी त्यालाही सरावली आणि 2017 च्या हंगामात राज्यभर बोंडं पोखरून गेली. ती दोन सरक्या एकमेकींना शिवून मधे झोपून राहते, महिनोन्महिने. म्हणूनच जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावतात, म्हणूनच फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभा ठेवलेला कापूस, घेऊ नका म्हणून कृषी खातं घसा कोरडा करतं. आणि अमेरिकेने 2018 मध्ये आपल्या मुख्य भूमीतून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. त्यांच्या उपायांतला एक भन्नाट : कारखान्यात लाखो पतंग वाढवायचे, त्यांना वंध्य करून विमानातून सोडायचे. सापळ्यात आपले कोणते आणि रानचे कोणते हे कळावं म्हणून अळ्यांच्या खाद्यातच लाल रंग कालवायचे. पतंग आतून लाल निघाला की तो सरकारी!

'पाच मिनिटांत मृत्यू'

सप्टेंबर 2022. माझ्या फोनवर एकाच दिवसात एकच निरोप अनेकांकडून. हिरवी, काटेरी अळी. शेजारी कापसाच्या शेतात पडलेल्या दोघांचा फोटो. आणि मजकूर : ही अळी चावली की पाच मिनिटांत मृत्यू. खुरपणीला बायका जाईनात. तपास झाला तेव्हा कळलं, तो फोटो आपल्याच चाळीसगाव तालुक्यातल्या बापलेकाचा होता आणि दोघं वीज पडून गेले होते. अळीचा त्यात काही संबंध नव्हता. कुणाच्या तरी घरातल्या दुःखावर अळीचा फोटो चिकटवून तो देशभर फिरवला गेला. मला त्या अळीपेक्षा हा प्रकार जास्त विषारी वाटतो.

त्याच सुमाराला नगर, बीडकडे ऊस आणि गवतावरच्या काटेरी अळीला 'घोणस अळी' नाव पडलं. नाव ठेवणाऱ्याची कमाल. घोणस म्हटल्यावर कोण शांत राहील? ती चावत नाही. तिच्या अंगावरचे काटे पोकळ असतात, त्यांत दाहक द्रव असतो, अंग घासलं की टोचतो. आग भयंकर होते, काहींना दवाखान्यात जावं लागलं, हे खरं. ओळख सोपी : पाय दिसत नाहीत, गोगलगाईसारखी सरपटते, अंगावर काट्यांचे झुबके.

लागलीच तर चोळू नका. चुना नको, घोंगडी घासणं तर नकोच, काटे आणखी रुततात. चिकटपट्टी लावून ओढा, काटे पट्टीसोबत येतात. मग साबणाने धुवा, बर्फ लावा, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लेप द्या. सूज पसरली, दम लागला किंवा डोळ्यात केस गेला तर थेट डॉक्टर.

भिंतीवरचं मडकं

खिडकीच्या चौकटीला, स्विचबोर्डच्या कडेला मातीचं इवलंसं मडकं, अगदी गळ्यासकट. कुंभारमाशीचं. संतवाङ्मयात 'कीटक-भृंगी न्याय' आहे : माशी अळीला घरात कोंडते, अळी भीतीने तिचंच ध्यान करत राहते आणि शेवटी स्वतः माशी होऊन बाहेर पडते. ध्यानाचा महिमा सांगायला इतकी सुरेख उपमा दुसरी नाही. शतकांपूर्वी भिंतीकडे कुणीतरी इतक्या बारकाईने पाहिलं, याचंच मला कौतुक वाटतं. अळी आत गेली हे खरं पाहिलं, माशी बाहेर आली हेही खरंच पाहिलं.

मधे काय झालं ते मी एक मडकं फोडून पाहिलं. आत सात हिरव्या अळ्या, जिवंत, पण हलेनात. माशी डंख मारून त्यांना लुळं करते, मारत नाही. मेल्या तर सडतील. छताला बारीक धाग्याने तिचं एक अंडं टांगलेलं होतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू तो ताजा शिधा एकेक करून संपवतं आणि माशी होऊन भिंत फोडतं. बाजूलाच नळीसारख्या लांब मातीच्या खोल्या असतील तर ती दुसरी माशी. तिच्या कोठारात अळ्यांऐवजी कोळी निघतात. मडकं फोडल्याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही फोडू नका, पावसाळाभर तुमच्या वांग्या-टोमॅटोवरच्या अळ्या ती फुकटात वेचते.

जाता जाता, पाय मोजा

अळीला पुढे सहा खरे पाय, मागे मांसल खोट्या पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या. मधल्या जोड्या गायब असतील तर ती कमान करून चालते, आपण तिला उंटअळी म्हणतो. सहा-सात जोड्या मोजल्यात तर ती पतंगाची अळीच नव्हे, वेगळ्याच माशीची. मक्याच्या पोंग्यातली अळी असेल तर डोकं बघा : उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके म्हणजे अमेरिकन लष्करी अळी, 2018 मध्ये भारतात आली आणि धुळे-जळगावच्या मक्यात कायमची राहिली.

जुलैचा शेवटचा आठवडा 2012 पासून जगभर पतंगांचा आठवडा म्हणून पाळतात. खर्च काही नाही. गच्चीवर दोरीला पांढरी चादर बांधा, समोर एक बल्ब लावा, रस्त्याकडचे दिवे मालवा आणि आठ ते अकरा बसा. पाऊस पडून गेलेली, चांदणं नसलेली, उकाड्याची रात्र निवडा. पोरांना मोजायला लावा. सापडलेल्या प्रत्येकाच्या शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा म्हणजे माप कळेल. झाडावर असेल तर पानही फोटोत येऊ द्या. तारीख आणि जागा लिहा. मग खुशाल पाठवा, मी उत्तर देईन. फक्त अंगठा तेवढा बाजूला घ्या.